हवाईतल्या घरच्या लुआऊला जाताना : तयारीची यादी

लुआऊ म्हणजे हवाईची पारंपरिक मेजवानी. आधी आमंत्रण कसलं आहे ते बघा. वायकिकीच्या हॉटेलात तिकीट काढून बघायचा लुआऊ वेगळा. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला किंवा पदवी मिळाल्यावर घरच्या अंगणात मांडलेला वेगळा. तिकिटाच्या लुआऊला वेळेवर पोचलं की झालं. घरच्या लुआऊचं काम मात्र आदल्या दिवशीच सुरू होतं, म्हणून होकार कळवतानाच ‘मदतीला कधी येऊ?’ असं विचारून ठेवा. आयत्या वेळी जेवायला आलेला पाहुणाच राहतो. आदल्या रात्री अळूची पानं निवडायला बसलेला घरचा होतो.

मदत इमूपाशी असेल तर बंद बूट, जीन्स आणि चामड्याचे हातमोजे घ्या. रबरी चपला तिथे चालत नाहीत. इमू म्हणजे जमिनीतली भट्टी. पूर्ण डुकरासाठी साधारण चार फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा लागतो. त्यात कियावेची लाकडं (आपल्या वेड्या बाभळीचीच जातभाई) आणि वर सच्छिद्र लाव्हाचे दगड रचतात. दोन-तीन तास जाळ हवा, दगड लालबुंद होईपर्यंत. ओढ्यातले किंवा समुद्रकाठचे दगड हौसेनं आणून टाकू नका: आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या अंगावर उडतात. जुन्या इमूतले वापरलेले दगड सगळ्यात खात्रीचे.

मग केळीचं खोड उभं चिरून, ठेचून दगडांवर पसरतात. वाफ त्यातूनच येते. खोड कमी पडलं तर मांस खालून करपतं. जाड मीठ चोळलेलं डुक्कर पोटात तापलेले दगड भरून तारेच्या जाळीत बांधतात, कारण शिजल्यावर ते इतकं मऊ होतं की जाळीशिवाय उचलताच येत नाही. वर टीची (चहा नव्हे, लांबरुंद पानांचं एक झुडूप) आणि केळीची पानं, त्यावर ओली गोणपाटं, त्यावर ताडपत्री, कडेनं माती. आता फावडं घेऊन फेरी मारत राहायचं आणि जिथून वाफ निसटताना दिसेल तिथे माती टाकायची. हे काम नवख्यालाही जमतं आणि खरंच उपयोगाचं असतं. रात्रभर, म्हणजे आठ तासांच्या पुढे, कोणीही ताडपत्री उचलून डोकावायचं नाही. एकदा वाफ गेली की ती परत आणता येत नाही आणि मांस हाडाशी कच्चं राहतं.

दुसरं मोठं काम अळूच्या पानांचं, आणि इथे मराठी हात पटकन रुळतात. लाऊलाऊसाठी पानं धुऊन, देठ आणि जाड शिरा काढून, चार-पाच एकावर एक ठेवायची. मध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे, थोडी चरबी आणि खारवलेल्या बटरफिशचा एक तुकडा. पुडी वळून वरून टीची दोन पानं आडवी-उभी गुंडाळून बांधायची. टीच्या पानाची मधली शीर मागून तासून घ्या, नाहीतर पान दुमडताना फाटतं. आपण अळूची खाज चिंच घालून मारतो. तिथे आंबट घालत नाहीत, वेळ देतात. चार तास तरी वाफवायचं. घाई केली की घसा खवखवतो. ताटात आल्यावर बाहेरचं टीचं पान उलगडून बाजूला ठेवा, ते खायचं नसतं.

रिकाम्या हातानं जाऊ नये. बाळाचा वाढदिवस असेल तर कार्डात पैसे घालून द्यावेत. शिवाय शीतपेयांचा खोका किंवा एखादा गोड पदार्थ. हाऊपिया घरी सहज होतो: नारळाचं घट्ट दूध दोन कप, पाणी एक कप, साखर अर्धा कप, कॉर्नस्टार्च अर्धा कप. स्टार्च गार पाण्यात आधी कालवून घ्या, थेट गरम दुधात टाकलं तर गुठळ्या होतात. मंद आचेवर सतत ढवळत, चकाकी येऊन चांगलं घट्ट होईपर्यंत शिजवा. लवकर उतरवलं तर पिठूळ लागतं. ताटलीत ओतून दोन-तीन तास फ्रिजमध्ये, मग चौकोनी वड्या. नेण्याआधी यजमानांना सांगा, म्हणजे टेबलावर हाऊपियाचीच पाच ताटं जमणार नाहीत.

कपडे साधे: अलोहा शर्ट किंवा सैल सुती झगा. गवताचा घागरा आणि करवंटीची चोळी घालून जाऊ नका, ते वेषांतर यजमानांना बोचतं. गळ्यात लेई (फुलांची माळ) घातली तर ती नाकारायची नाही, घालणाऱ्यासमोर काढायचीही नाही. ती खांद्यांवर, पुढे आणि पाठीवर सारखी लोंबू द्या. गरोदर बाईला मात्र बंद माळ देत नाहीत, दोन टोकं मोकळी असलेली देतात. वडीलधाऱ्या माणसांना आंटी, अंकल म्हणायचं. बोलताना स्वतःला ‘हवाईयन’ म्हणवून घेऊ नका, मुक्काम कितीही वर्षांचा असो. ती ओळख मूळ रहिवाशांच्या वंशजांची आहे.

जेवणाआधी पुले, म्हणजे प्रार्थना होते. टोपी काढा आणि ती संपेपर्यंत पानाला हात लावू नका. आधी वृद्धांची ताटं वाढतात. ती नेऊन देणं हे तुमचं काम समजा. पोई, म्हणजे शिजवून कुटलेल्या अळूकंदाची लापशी, करडी आणि आंबूस असते, एकटी चाटून नावं ठेवू नका. खारट कालुआ पिग (इमूत शिजलेलं डुक्कर) किंवा लोमी सामनबरोबर (खारवलेला सामन मासा, टोमॅटो आणि कांदा) घास घेतला की तिचं काम कळतं. हवाईच्या कथांत अळूचा कंद हा माणसांचा थोरला भाऊ, म्हणून पोईचं भांडं उघडं असताना भांडण काढत नाहीत.

शाकाहारी असाल तर आधीच कळवा आणि घरून थोडं खाऊन जा. पोई, उकडलेली रताळी, भात, अननस, हाऊपिया आणि कुलोलो (अळूकंद आणि नारळाचा गोड पदार्थ) एवढंच उरतं. चिकन लाँग राईस नावाला राईस, प्रत्यक्षात कोंबडीच्या रश्शातल्या शेवया. मॅकरोनी सॅलडमधल्या मेयोनेजमध्ये अंडं असतं. पिपिकाऊला हे वाळवलेलं गोमांस आहे.

निघताना फॉइलमध्ये बांधून दिलेलं ताट घ्याच, नको म्हणणं बरं दिसत नाही. पण त्याआधी खुर्च्या मिटा, टेबलं पुसा. घरी आणलेल्या पोईवर पाण्याचा पातळ थर ओतून झाकण ठेवा, म्हणजे पापुद्रा धरणार नाही. लेई कचऱ्यात टाकू नका. दोरा काढून फुलं झाडाच्या बुंध्याशी टाका.