सेंद्रिय कापसाची भागीदारी: पेरणीआधी काय काय बघून ठेवायचं

खरेदीदाराशी करार झाला, शेतकऱ्यांचा गट तयार, बियाणं सांगून ठेवलंय, म्हणजे आता पेरणीचीच वाट, असं वाटत असेल तर आधी जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याला, फोन लावा. त्याचं स्कोप सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याला सेंद्रिय माल हाताळायची मान्यता असल्याचं प्रमाणपत्र, मागा. प्रत हातात घ्या, मुदतीची तारीख वाचा. मागच्या खेपेला मी हे राहू दिलं आणि गटाचा सगळा माल साध्या कापसाच्या भावाने गेला. शेतात कुणाचं काही चुकलं नव्हतं.

शेताचं सेंद्रिय प्रमाणपत्र कच्च्या कापसापुरतं असतं. पुढचा रस्ता 'गॉट्स'चा, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचा, आणि त्याची पहिली पायरी जिनिंग. तिथलं प्रमाणपत्र संपलेलं असेल तर रुईचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (विकलेला तो माल सेंद्रिय असल्याचा दाखला) निघत नाही. मग सूतगिरणी रुई घेईलही, पण सेंद्रिय म्हणून नाही. 'नूतनीकरणाला टाकलंय' हे उत्तर अजिबात चालवून घेऊ नका. बोंडं फुटली की वेचणी थांबत नाही, आणि तेव्हा दुसरी जिनिंग सापडत नाही.

आता शेत. प्रत्येकाची जमीन रूपांतराच्या, म्हणजे रसायनं सोडून सेंद्रियकडे वळण्याच्या, कितव्या वर्षात आहे ते लिहून काढा. अमेरिकेच्या नियमाने बंदी असलेलं रसायन शेवटचं वापरल्यापासून काढणीपर्यंत 3 वर्षं जावी लागतात, युरोपच्या नियमाने हंगामी पिकाला पेरणीआधी 2 वर्षं. म्हणजे माल कुठे जाणार ते आधी ठरवा. रूपांतरातला कापूस वेगळा वेचायचा, वेगळा ठेवायचा. भागीदार खरेदीदाराची खरी परीक्षा याच काळात होते, कारण उतारा घटलेला असतो आणि भाव मात्र साधाच मिळतो. या मालाला तो किती जास्त देणार ते करारात आकड्यात लिहून घ्या. 'सर्वतोपरी सहकार्य राहील' असल्या ओळी खोडून टाका.

बियाणं जीएम (जनुकीय बदल केलेलं) नको, हे सांगायला नको. पण पिशवीवरच्या छापावर विसंबू नका, स्ट्रिप टेस्ट करा. थोडी सरकी चेचून द्रावणात ढवळायची, पट्टी बुडवायची, तपासणीची रेघ उमटली की बियाणं परत. काही मिनिटांचं काम आहे. मात्र पट्टी ठरावीक प्रथिनंच ओळखते, त्यामुळे प्रयोगशाळेची तपासणी सुटत नाही. कापसातलं जीएम शोधायची पद्धत आयएसओ या मानक संस्थेच्या 2019 च्या आयडब्ल्यूए 32 या दस्तऐवजात दिली आहे. प्रयोगशाळा तीच वापरते ना, विचारा. बांधापलीकडे बीटी (जीएम कापूस) असेल तर मध्ये पट्टा सोडा. फवारणीचा पंप उसना आणू नका, कितीही धुतलेला असो.

नोंदवही त्या त्या दिवशी भरा. शेवटी एका बैठकीत, एकाच शाईने, एकाच हाताने भरलेल्या वह्या तपासनीस उघडल्या उघडल्या ओळखतो.

वेचणीला सुती झोळ्या. प्लॅस्टिकच्या गोण्यांचे धागे रुईत मिसळतात, रंग धरत नाहीत आणि थेट कापडावर दिसतात.

जिनिंगचं प्रमाणपत्र पाहिलंत ना? वेचणीच्या तोंडावर परत पाहा. मुदत मधल्या काळात संपते, तीच तर गोम आहे. शिवाय प्रमाणपत्रावरचं नाव-पत्ता आणि तुमचा माल जिथे उतरणार तो कारखाना एकच आहे का, तेही बघा. मालकाचे दोन कारखाने असले तर प्रमाणपत्र एकाचंच असू शकतं. माल घालण्याआधी यंत्र साफ, ढीग वेगळा, प्रत्येक गाठीवर लॉट नंबर.

फेअरट्रेडचं (शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या व्यापाराचं) प्रमाणपत्रही असेल तर किमान भाव हा फक्त तळ आहे. बाजार वर गेला तर बाजारभाव मागा. प्रीमियम, म्हणजे गटाला मिळणारी जादा रक्कम, त्यावर वेगळा. तो कशावर खर्चायचा हे गटाची सभा ठरवते, खरेदीदार नव्हे. इतिवृत्त ठेवा. आगाऊ रक्कम हवी तर पेरणीआधीच बोला.

बाकी ओलावा, काटा, पावत्या, गाडी. ते तुम्ही करालच. माल निघाला की ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटचा अर्ज लगेच करा. अर्जातलं वजन आणि काट्याची पावती जुळली नाही तर तो तिथेच अडकतो, तेव्हा आधी जुळवून घ्या.