स्वतःच्या वेबसाइटवाल्यांच्या मेळाव्याला जायचंय? मग ही तयारी करा

स्वतःची वेबसाइट स्वतः उभारणारी माणसं एकत्र जमतात, एकमेकांच्या साइट बघतात आणि तिथेच बसून आपापली साइट पुढे नेतात. जगभर या मंडळींना इंडीवेबवाले म्हणतात. पहिला इंडीवेबकॅम्प २०११ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला भरला. २०१३पासून होमब्रू वेबसाइट क्लब या नावाने संध्याकाळच्या छोट्या बैठकाही सुरू झाल्या. आपलं लिखाण, आपले फोटो आधी आपल्या साइटवर ठेवायचे, मग हवं तर फेसबुक-इन्स्टावर टाकायचे, एवढंच यामागचं तत्त्व. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट बंद झाली, तेव्हा ज्यांच्या तिथल्या मराठी गप्पा गेल्या त्यांना याचं कारण वेगळं सांगायला नको.

असा मेळावा मालवण, गुहागर किंवा रत्नागिरीला ठरला, किंवा तुम्हीच चौघांनी मिळून ठरवलात, तर काय करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिलं: करायचं काम आधी ठरवा, आणि एकच ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘साइट जरा सुधारायची आहे’ हे काम नव्हे. ‘हापूसच्या पेटीचा भाव मला स्वतःला बदलता येईल असं एक पान’ हे काम झालं. ‘कशेळीच्या कातळशिल्पांचे मी काढलेले फोटो, प्रत्येकाखाली तारीख आणि दोन ओळी’ हेही काम झालं. दिवसभरात उरकेल एवढंच घ्या. होमस्टेवाल्याने बुकिंगची अख्खी यंत्रणा करायला घेऊ नये. खोल्यांचे फोटो, दर, फोन नंबर आणि स्टेशनवरून यायचं कसं, एवढं एका पानावर नीट आलं तरी भरपूर आहे.

साइटच नाही? मग तर आधी जा. माझ्या मते अशा मेळाव्याचा सगळ्यात जास्त फायदा कोऱ्या पाटीने येणाऱ्याला होतो.

दुसरं: रेंज लागते तोवर कामं उरकून घ्या

डोमेन, म्हणजे साइटचं स्वतःचं नाव-पत्ता, घ्यायचं असेल तर निदान आठवडाभर आधी घ्या. पैसे भरताना ओटीपी येतो, आणि समुद्राकाठच्या कितीतरी वाड्यांमध्ये ओटीपीसाठी घाटीच्या वरच्या टोकाला जाऊन उभं राहावं लागतं. तोपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते! शिवाय नवं डोमेन होस्टिंगला, म्हणजे साइटच्या फाइली जिथे ठेवता त्या जागेला, जोडल्यावर ते सगळीकडे दिसायला कधी काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. मेळाव्याच्या सकाळी घेतलेलं डोमेन संध्याकाळी दाखवता येईलच असं नाही.

एडिटर, फाँट, लागणारी सॉफ्टवेअरं घरीच उतरवून घ्या. एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दहाजण डाउनलोडला बसले की कुणाचंच काही होत नाही. साध्या एचटीएमएलची (वेबपानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती) साइट इंटरनेट नसतानाही लॅपटॉपवर उघडून बघता येते, म्हणून तिची पूर्ण प्रत जवळ ठेवा, आणि एक पेन ड्राइव्हवर. एक्स्टेन्शन बोर्ड न्या. पावसाळ्यात लाइट जाणारच असं धरून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून निघा.

तिसरं: मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, बघा

दिवाळी अंकात किंवा स्थानिक साप्ताहिकात लिहिणाऱ्यांचा जुना मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतो. तो जसाच्या तसा साइटवर चिकटवला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीत, आणा आणि मग डोळ्यांनी वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडलेले सापडतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पानाच्या अगदी सुरुवातीला एचटीएमएलच्या टॅगमध्ये भाषेचा कोड लिहायचा असतो. तिथे हिंदीचा ‘एचआय’ न टाकता मराठीचा ‘एमआर’ टाका. फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ लगेच आपल्या वळणाचे दिसतात. एवढ्यानेच पान घरचं वाटायला लागतं.

चौथं: प्रवास

मालवणला जायचं तर कुडाळला उतरा, गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड. रत्नागिरीचं स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, रिक्षाचा वेळ धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपती, शिमगा आणि मे महिना टाळूनच मेळावा ठरवावा, नाहीतर अर्धे लोक वेटिंगवरच राहतील. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघून घ्या.

पाचवं: पहिला दिवस गजालींचा

दोन दिवसांच्या कॅम्पात पहिला दिवस चर्चेचा. वक्ते, हार-तुरे, प्रास्ताविक यातलं काही नसतं. सकाळी प्रत्येकजण नाव, साइटचा पत्ता आणि काय करायचंय एवढं सांगतो. मग ज्याला जो विषय हवा तो कागदावर लिहून भिंतीवरच्या वेळापत्रकात चिकटवायचा. ‘आंब्याचे फोटो लहान फाइलमध्ये कसे बसवायचे’ हाही विषय चालतो, आणि तो मांडणाऱ्याला त्यातलं सगळं यायला हवं असं काही नाही. भिडस्तपणा मात्र सोडा.

चर्चा आपल्या कामाची वाटली नाही तर उठून दुसरीकडे जायचं. आपल्याकडे मध्येच उठणं उद्धटपणाचं वाटतं, इथे कुणी मनावर घेत नाही. फोटो काढण्याआधी मात्र विचारा.

सहावं: दुसरा दिवस हातांचा

सकाळपासून लॅपटॉप उघडून बसायचं. तासभर अडलात तर विचारा, पण कुणाला ‘जरा करून दे ना’ म्हणू नका. त्याला शेजारी बसवा, कीबोर्ड आपल्याच हाताखाली ठेवा. महिन्याभराने भाव बदलायचा असेल तेव्हा तो माणूस पुण्याला नाहीतर पणजीला असणार.

शेवटी डेमो. स्लाइड नकोत, स्वतःची साइटच उघडून तीन-चार मिनिटं दाखवा. अर्धवट असलं तरी दाखवा. काय अडलं ते सांगितलंत की समोरून कुणीतरी उत्तर देतोच.

जवळपास मेळावा नसेल तर दोन माणसंही पुरतात. तालुक्याच्या वाचनालयात एखादी दुपार, टेबल आणि प्लग मागून बघा. तासभर बोलणं, तासभर काम.

घरी आल्यावर

काय केलंत ते चार ओळींत स्वतःच्या साइटवर लिहा आणि ज्यांच्या साइट आवडल्या त्यांचे दुवे द्या. वेबमेन्शनची सोय दोन्हीकडे असेल तर दुवा दिल्याचं समोरच्याच्या साइटला आपोआप कळतं. २०१७पासून ती डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेली पद्धत आहे. मग डोमेनच्या खात्यात जाऊन ऑटो-रिन्यू (मुदत संपताना आपोआप नूतनीकरण) चालू आहे का बघा, आणि तिथला ईमेल तुम्ही रोज उघडता तोच आहे ना, तेही.