ॲनिमेतल्या दुय्यम पात्राची वाढ कशी ओळखावी आणि त्यावर कसं लिहावं

ज्या एपिसोडवर लिहायचंय तो तुम्ही दोनदा पाहिलाय आणि मागचा सीझनही लक्षात आहे, असं धरून चालते. पात्र निवडताना नायक नको आणि त्याचा प्रतिस्पर्धीही नको. ज्याच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं, असं कुणीतरी घ्या. मी ‘हायक्यू’ या व्हॉलीबॉलवरच्या ॲनिमे मालिकेतला यामागुची तादाशी घेते. कारासुनो हायस्कूलच्या व्हॉलीबॉल संघात पहिल्या वर्षाची चार मुलं आहेत. त्यांतला बेंचवर बसणारा हा एकटाच.

त्याची सगळी दृश्यं क्रमाने लिहून काढा. हे काम एका बैठकीत होतं.

आता खरी अवघड पायरी: वाढ नेमकी कुठे झाली ते शोधणं. फ्लॅशबॅक शोधा, डोळ्यांतलं पाणी शोधा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात ऐकू नका. पात्राचं बालपण कळलं की आपल्याला त्याच्याबद्दल माया वाटते, पण तो बदल आपल्यात होतो, पात्रात नाही. त्याऐवजी त्याच्यावर असाच दबाव आधी कधी आला होता ते पाहा आणि दोन्ही वेळी त्याने काय निवडलं ते ताडून बघा.

यामागुची शिमादा या माजी खेळाडूकडून जंप फ्लोट सर्व्हिस शिकतो. यात चेंडूला फिरकी द्यायची नसते. त्यामुळे तो हवेत डळमळतो आणि घेणाऱ्याला अंदाज येत नाही, पण मारणाऱ्याचाही नेम सहज चुकतो. पहिल्या सीझनमध्ये (2014) आओबा जोसाई या प्रतिस्पर्धी शाळेच्या संघाविरुद्ध ऐन मोक्याच्या वेळी त्याला फक्त सर्व्हिससाठी मैदानात उतरवतात आणि ती फुकट जाते. दुसऱ्या सीझनमध्ये (2015-16) वाकुतानी मिनामी या आणखी एका शाळेच्या संघाविरुद्ध पुन्हा संधी मिळते. या वेळी तो घाबरून साधी, सुरक्षित सर्व्हिस करतो. चेंडू नीट पलीकडे जातो. गुणफलक पाहून लिहिणारे इथेच फसतात, कारण चुकलेल्या सर्व्हिसमध्ये हिंमत होती आणि पलीकडे गेलेल्या सर्व्हिसमध्ये माघार. प्रशिक्षक उकाई भडकतात ते म्हणूनच.

संवादांवरही विसंबू नका. त्याआधी सराव शिबिरात हाच यामागुची मित्र त्सुकिशिमाची कॉलर धरून ओरडतो की, स्वाभिमानाखेरीज आणखी काय लागतं! दृश्य जबरदस्त आहे, पण वाकुतानीसमोरची माघार त्याच्यानंतरची आहे. दुसऱ्याला खडसावणं त्याला जमलं, स्वतः धोका पत्करणं अजून जमलं नव्हतं.

मग वाढ कुठे आहे? पुढे त्याच आओबा जोसाईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला सर्व्हिसवर गुण मिळतात, तिथे ती सगळ्यांना दिसते. माझ्या मते ती त्याआधीच झालेली असते. माघार घेतल्यावर, कुणी सुचवलेलं नसताना, तो स्वतः उकाईंकडे आणखी एक संधी मागतो. ज्या क्षणाची भीती होती तोच क्षण तो मागून घेतो. लेखाचा मध्य हा ठेवा. गुणांना दोन ओळी पुरतात.

लिहिताना कथानक सांगत बसू नका. ‘आधी तो असं करायचा, आता असं करतो’ हे एका वाक्यात मांडा आणि पुरावा म्हणून दोन्ही दृश्यं शेजारी ठेवा. ते वाक्य जमत नसेल तर त्या एपिसोडमध्ये पात्र वाढलेलं नाही. दुसरा एपिसोड निवडा.