व्हीलॅनमधला पीसी गप्प? मॅक अ‍ॅड्रेसचा माग काढा

केबल जोडलेली आहे, स्विचवर हिरवा दिवा लुकलुकतोय, तरी पिंग (समोरचा पीसी उत्तर देतो का ते बघणारी चाचणी) जात नाही. लगेच कॉन्फिगरेशनला हात घालू नका. आधी एवढंच बघा: पिंग त्याच व्हीलॅनमधल्या (स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमधल्या) पीसीलाही जात नाही, की फक्त दुसऱ्या व्हीलॅनला? पहिल्या प्रकारात दोष पोर्टवर नाहीतर ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या, दोन स्विच जोडणाऱ्या लिंकवर) असतो, दुसऱ्यात बहुधा राउटिंगमध्ये (एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात वाट देण्यात).

विंडोजची फायरवॉलही पिंग अडवते. त्यामुळे एकाच व्हीलॅनमध्ये पिंग केल्यावर लगोलग 'एआरपी -ए' द्या. समोरच्या पीसीचा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) तिथे आला, तर स्विचने आपलं काम चोख केलंय, फायरवॉलकडे वळा.

पुढच्या कमांड सिस्को कॅटॅलिस्टच्या आहेत. इतर कंपन्यांच्या स्विचवर शब्द बदलतील, तपासणी हीच.

समजा अडलेला पीसी व्हीलॅन २० मध्ये हवा. 'शो व्हीलॅन ब्रीफ' द्या आणि त्याचा पोर्ट २० समोर आहे का पाहा. १ समोर असेल तर पोर्टला व्हीलॅन द्यायचाच राहिलाय. कुठेच नसेल, तर एक तर तो ट्रंक झालाय किंवा कुणीतरी व्हीलॅन २० च पुसलाय. व्हीलॅन पुसला की त्याचे पोर्ट आपोआप १ मध्ये परतत नाहीत, अधांतरी लटकतात. कॉन्फिगरेशन मोडमध्ये 'व्हीलॅन २०' पुन्हा तयार केला की ते जागे होतात.

पोर्ट बरोबर असेल तर पीसीवरून पिंग चालू ठेवून 'शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल' बघा. पिंग चालूच हवा, कारण रहदारी नसेल तर नोंद साधारण ३०० सेकंदांनी गळते. मॅक या स्विचवर व्हीलॅन २० मध्ये दिसला, की पुढच्या स्विचवर शोधा. जिथे तो दिसेनासा होतो, त्याच्या अलीकडचा ट्रंक संशयित.

त्या ट्रंकच्या दोन्ही टोकांना 'शो इंटरफेसेस ट्रंक' द्या. पोर्ट यादीतच नसेल तर दोन्हीकडे 'डायनॅमिक ऑटो' असण्याची शक्यता मोठी: दोघेही समोरच्याने सुरुवात करण्याची वाट बघतात आणि ट्रंक बनतच नाही. दोन्हीकडे 'स्विचपोर्ट मोड ट्रंक' लिहा.

पोर्ट दिसला तर खालच्या तीन याद्या क्रमाने वाचा. २० पहिल्या यादीत नसेल तर ट्रंकवर त्याला परवानगी नाही. पहिलीत आहे, दुसरीत नाही, तर या स्विचवर तो व्हीलॅन तयार किंवा सक्रिय नाही. फक्त तिसरीत नसेल तर स्पॅनिंग ट्रीने (फ्रेम गोल फिरत राहू नयेत म्हणून जादा लिंक अडवणाऱ्या यंत्रणेने) तो रोखलाय किंवा प्रुनिंग (गरज नसलेला व्हीलॅन ट्रंकवरून गाळणं) झालंय. पर्यायी लिंकवर हे नेहमीचंच आहे.

परवानगी देताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड २०' असंच लिहा. 'अ‍ॅड' विसरलात तर जुनी यादी पुसून फक्त २० उरतो आणि बाकीचे सगळे व्हीलॅन बंद पडतात. त्याच ट्रंकवरून लॉगिन असाल तर तुम्हीही बाहेर. म्हणून दुरून काम करताना आधी 'रीलोड इन १०' द्या, सगळं नीट झालं की 'रीलोड कॅन्सल'. मध्ये सेव्ह मात्र करू नका, नाहीतर रीलोडनंतरही तीच चूक परत येईल.

नेटिव्ह व्हीलॅनही (ट्रंकवर व्हीलॅन क्रमांकाचा टॅग नसलेल्या फ्रेम ज्यात धरल्या जातात तो) दोन्ही टोकांना एकच हवा. एकीकडे १ आणि दुसरीकडे ९९ असेल तर टॅग नसलेल्या फ्रेम भलत्याच व्हीलॅनमध्ये उतरतात. सीडीपी (शेजारच्या सिस्को उपकरणांची ओळख करून देणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर लॉगमध्ये 'नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच' येतं.

फक्त दुसऱ्या व्हीलॅनची वाट अडली असेल तर आधी पीसीचा गेटवे (नेटवर्कबाहेर जायच्या वाटेचा पत्ता) आणि सबनेट मास्क तपासा; बऱ्याचदा घोळ तिथेच निघतो. मग लेयर ३ स्विचवर (राउटिंगही करणाऱ्या स्विचवर) 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' द्या. 'व्हीलॅन २०' समोर स्टेटस आणि प्रोटोकॉल या दोन्ही रकान्यांत 'अप' हवं. त्यासाठी तो व्हीलॅन त्या स्विचवर तयार हवा आणि त्याचा किमान एक पोर्ट चालू हवा. तेही ठीक असेल तर 'आयपी राउटिंग' दिलंय का पाहा. पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर डीएचसीपीचं (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सर्व्हरचं) उत्तर पोचत नाहीये. सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असल्यास पीसीच्या व्हीलॅन इंटरफेसवर 'आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस' लागतो.

सगळं चालू झाल्यावर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. हे राहिलं, तर वीज गेल्यावर हाच पीसी पुन्हा गप्प.