‘क्ष मानू’ नको, पर्याय घालून बघा

बँकेच्या परीक्षेत वयाचं गणित दिसलं की हात आपोआप ‘क्ष मानू’ लिहायला लागतो. जरा थांबा. ‘वडील मुलाच्या चौपट वयाचे, 20 वर्षांनी दुप्पट वयाचे होतील, मुलाचं आजचं वय?’ पर्याय 8, 10, 12, 15, 18. मधला 12 घाला: वडील 48, 20 वर्षांनी 32 आणि 68. हवे होते 64, म्हणजे उत्तर 12 च्या खाली. 10 घाला: 30 आणि 60. जमलं! दादर ते बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या, कागदाशिवाय हे घोटवा, खरंच हात बसतो.

उताऱ्यावरच्या प्रश्नांत ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीच’ असलेल्या पर्यायाकडे संशयानेच बघा. आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षांत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात. एकही पर्याय बाद करता आला नाही, तर प्रश्न सोडून पुढे जा.