व्हिडिओ अडकतोय? बिटरेटला हात लावण्याआधी या चुका टाळा

व्हिडिओ अडकतो, रंग फिकट दिसतात, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तक्रार कोणतीही असो, बहुतेक जण एकच काम करतात: एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये जाऊन बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला व्हिडिओवर खर्च होणारा डेटा, वाढवतात. पहिली काही वर्षं मीही तेच केलं. फाइल जाडजूड झाली, दोष जिथल्या तिथे.

बिटरेट खरंच कमी पडला की त्याची खूण अगदी ठरलेली असते. हलत्या भागात चौकोन दिसतात, पाण्याचा, पानांचा, गर्दीचा चिखल होतो आणि कॅमेरा थांबला की चित्र पुन्हा स्वच्छ होतं. हे दिसत नसेल तर तो आकडा सोडून द्या. त्याऐवजी फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो किंवा एफएफप्रोबमध्ये ती उघडा. पुढच्या बऱ्याचशा चुका तिथेच पकडल्या जातात.

फाइल लहान आहे, तरी सुरूच होत नाही

आपल्या संकेतस्थळावर थेट एमपी४ टाकली की हे हमखास होतं. नुसतं चक्र फिरत राहतं आणि अर्धी फाइल उतरल्यावर एकदम चित्र येतं. एमपी४ मध्ये 'मूव्ह' नावाचा एक भाग असतो, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका: कोणती फ्रेम कुठे आहे, किती वेळ दाखवायची. सगळ्या फ्रेम लिहून झाल्याशिवाय ती तयार होत नाही, म्हणून ती शेवटी जाऊन बसते. प्लेअरला मात्र ती सगळ्यात आधी लागते. व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगमध्ये 'फास्टस्टार्ट', हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइज्ड' निवडलं की ती पुढे येते. फाइल आधीच तयार असेल तर पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून काढू नका. स्ट्रीम कॉपी करून, म्हणजे आतलं चित्र आणि आवाज जसेच्या तसे ठेवून, नुसता बाहेरचा डबा (कंटेनर) नव्याने बांधला की काही सेकंदांत काम होतं आणि दर्जाही तसाच राहतो.

रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की साधी एमपी४ उघडत नाही, त्याचंही कारण हेच. अनुक्रमणिका लिहायची राहूनच जाते. म्हणून ओबीएस या रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारात करावं आणि नंतर रीमक्स करून, म्हणजे नुसता डबा बदलून, एमपी४ काढावी. एकदा दोन तासांचं भाषण असं घालवल्यावर मला ही सवय लागली.

कीफ्रेम एन्कोडरच्या मर्जीवर सोडणं

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम; बाकीच्या फ्रेम नुसते बदल साठवतात. एचएलएस किंवा डॅश या नेटवरून व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतींमध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात कीफ्रेमवर व्हावी लागते. एक्स२६४ या एन्कोडरला काही सांगितलं नाही तर दोन कीफ्रेममध्ये तो २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत हे झाले १० सेकंद. तुम्ही ६ सेकंदांचे तुकडे मागितलेत, पण कापायला जागाच नाही, मग एक तुकडा चारचा, दुसरा दहाचा.

त्यात दृश्य बदललं की एन्कोडर स्वतःहून जादा कीफ्रेम टाकतो. १०८०पी, ७२०पी आणि ४८०पी या एकाच व्हिडिओच्या तिन्ही पायऱ्या वेगवेगळ्या एन्कोड केल्या, तर प्रत्येकीचे कीफ्रेम वेगळ्या ठिकाणी पडू शकतात. नेट मंदावल्यावर प्लेअर वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येतो, आणि नेमका तिथे व्हिडिओ ठेच लागल्यासारखा अडखळतो किंवा एखादा शब्द दोनदा ऐकू येतो. प्रेक्षक म्हणतो, 'बफरिंग होतंय.' तुम्ही बिटरेट वाढवता, प्लेअर आणखी वारंवार पायऱ्या बदलतो, ठेचा वाढतात.

इलाज साधा आहे. कीफ्रेम दर २ सेकंदांनी, म्हणजे ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर ६० फ्रेमला; कमाल आणि किमान अंतर एकच; सीन-कटची ओळख बंद. तुकड्याची लांबी कीफ्रेमच्या अंतराच्या पटीत ठेवा.

फक्त सीआरएफवर विसंबणं

सीआरएफ, म्हणजे बिटरेटऐवजी ठराविक दर्जा मागणारी सेटिंग, साठवणीच्या फाइलला उत्तम. स्ट्रीमिंगला तो एकटा पुरत नाही, कारण तो दर्जा सांभाळतो, लाइनची क्षमता नाही. बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर २ मेगाबिट पुरतात, तोच बिटरेट पुढच्या शॉटमध्ये लाटा आल्या की १२ वर जातो. सरासरी छान दिसते, पण ५ मेगाबिटच्या लाइनवरचा प्रेक्षक बरोबर लाटांपाशी अडकतो. सीआरएफच्या जोडीला कमाल बिटरेट आणि बफरचा आकार द्या.

आवाज हळूहळू सरकणं

आधी एक तपासणी करा. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही ठिकाणी ओठ बघा. फरक दोन्हीकडे सारखाच असेल तर सोपं आहे, आवाज तेवढा मागेपुढे करायचा. सुरुवातीला जुळतोय आणि शेवटी सुटलाय, तर फ्रेमरेट गंडलाय.

बरेच मोबाइल बदलत्या फ्रेमरेटने रेकॉर्ड करतात. उजेड कमी झाला की फ्रेमही कमी. काही एडिटर तो ठराविक धरून चालतात. असं फुटेज टाइमलाइनवर टाकण्याआधीच स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या. दुसरा घोळ २९.९७ आणि ३० चा. फरक दशांश टक्क्याचा, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण २९.९७ चं चित्र ३० च्या वेगाने चाललं आणि आवाज मूळ वेगाने, तर तासाच्या शेवटी दोघांत ३.६ सेकंदांचं अंतर पडतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी उत्तर ऐकू येतं!

रंग धुतल्यासारखे

एडिटरमध्ये काळा गर्द काळा, अपलोड केल्यावर राखाडी. ग्रेडिंग (रंगसुधारणा) पुन्हा करायला बसू नका. ८ बिटच्या व्हिडिओत साधारणपणे काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, तर संगणकाचा पडदा ० ते २५५ वापरतो. फाइल कोणत्या मापाची, हे तिच्यावर चुकीचं लिहिलं की काळा उजळतो. उलटी चूक झाली की सावल्यांतला तपशील बुडतो. रेंज (हेच काळ्या-पांढऱ्याचं माप) आणि बीटी.७०९ (एचडी व्हिडिओचं रंगमानक) ही दोन्ही लेबलं फाइलवर नीट आहेत का बघा.

जाता जाता: पीएनजी चित्रांपासून किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगमधून केलेली फाइल तुमच्याकडे चालते आणि इतरांकडे नुसता काळा पडदा, तर ती बहुधा ४:४:४ मध्ये, म्हणजे रंगाचा पूर्ण तपशील ठेवून, निघालीये. रंगाचा तपशील कमी ठेवणारं नेहमीचं ४:२:० करा. आयफोनवर एचईव्हीसी (एच.२६५) व्हिडिओ चालत नसेल तर टॅग 'एचईव्ही१' आहे का पाहा. ॲपलला 'एचव्हीसी१' लागतो.

थेट प्रक्षेपणात फ्रेम गळणं

'फ्रेम ड्रॉप होतायत' एवढ्यावर इलाज सांगता येत नाही. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये तीन वेगळे आकडे असतात. रेंडरिंगमध्ये चुकलेल्या फ्रेम म्हणजे ग्राफिक्स कार्ड दमलंय. एन्कोडिंगमध्ये वगळलेल्या म्हणजे प्रोसेसरला झेपत नाहीये: प्रीसेट वेगवान करा, ६० ऐवजी ३० फ्रेम घ्या किंवा हार्डवेअर एन्कोडर वापरा. तिसरा आकडा नेटवर्कचा. फक्त तो चढत असेल तेव्हाच बिटरेटचा प्रश्न असतो, आणि तेव्हा तो वाढवायचा नसतो, उतरवायचा असतो.

वायफाय सोडून केबल लावा, सीबीआर, म्हणजे स्थिर बिटरेट, ठेवा. मोजलेला अपलोड वेग १० मेगाबिट असेल तर मी ६ च्या वर जात नाही. आणि वेगाची चाचणी आदल्या दिवशी, कार्यक्रमाच्याच वेळेला घेतो. दुपारी तीनचा आकडा रात्री आठला टिकेलच असं नाही.