परदेशात इंजिनीअरिंगची इंटर्नशिप: अर्ज कसा करायचा, आणि तिथं गेल्यावर टीप किती द्यायची

हे लिहितोय ते कोल्हापूर, इचलकरंजी, वारणानगर, सांगली इकडच्या इंजिनीअरिंगच्या पोरापोरींसाठी. तिसऱ्या वर्षात आहेत, बाहेर इंटर्नशिप करायची लई इच्छा आहे, पण "आपल्या कॉलेजचं नाव तिकडं कोण ओळखतंय" असं म्हणून अर्जच करत नाहीत, अशी पोरं दरवर्षी भेटतात आणि वाईट वाटतं. माझं ठाम मत आहे की अर्ज कॉलेजच्या नावावर फारसा अडत नाही, मेलमध्ये सांगण्यासारखं काही नसलं की अडतो. आणि कोल्हापूरच्या पोराकडं सांगण्यासारखं भरपूर असतं, फक्त त्याला ते माहीत नसतं.

दुसरा विषय टीपचा. एकाच लेखात का, तर स्टायपेंडचा हिशोब घरी बसून करताना जेवणाचा खर्च मेनू बघून धरला जातो आणि अमेरिकेत तो आकडा खोटा ठरतो, आणि दुसरं म्हणजे सोबतचे लोक जेवायला घेऊन जातात तेव्हा बिल आल्यावर काय करायचं हे माहीत नसलं की माणूस अवघडून जातो. म्हणून दोन्ही एकदमच.

आधी वेळेचं बघू. पुढच्या उन्हाळ्यात जायचं असेल तर आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरलाच कामाला लागायचं, दिवाळीनंतर बघू म्हटलं की बरेच दरवाजे बंद झालेले असतात. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक म्हणून रिसर्च इंटर्नशिप आहे, 12 आठवड्यांची, तिथल्या युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरच्या हाताखाली, तिची मुदत साधारण सप्टेंबरातच संपते. जर्मनीची डाड (DAAD) म्हणून परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी संस्था आहे, तिची वाइज (WISE) नावाची स्कॉलरशिप आहे, पण त्यात कुठल्या संस्थांची पोरं बसतात याचे नियम असतात, ते आधी वाचा म्हणजे उगाच महिनाभर कागद जमवत बसायला नको. स्वित्झर्लंडमधल्या सर्नचा (CERN, कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा) समर स्टुडंट प्रोग्रॅम आहे, भारत 2017 पासून सर्नचा असोसिएट मेंबर आहे त्यामुळं आपल्या पोरांना तिथं अर्ज करता येतो, आणि नुसत्या फिजिक्सवाल्यांनाच नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवाल्यांनाही. यंदाच्या तारखा आणि देशांची यादी मात्र त्यांच्याच साईटवर बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टवर विश्वास ठेवू नका.

या स्कीममध्ये नाही बसलं तरी रस्ता बंद नाही. सरळ प्रोफेसरला नाहीतर कंपनीला मेल करायचा, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या पोरांना याच रस्त्यानं जास्त आशा ठेवता येते.

आता मेल. बहुतेक मेल कसे असतात, तर 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन' इथून सुरू, मग शाळेपासूनचे टक्के, मग 'आय ॲम हार्डवर्किंग'. असे मेल समोरच्याकडं ढीगभर येतात आणि दुसऱ्या ओळीच्या पुढं कोणी वाचत नाही. त्यापेक्षा असं बघा. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची एमआयडीसी आहे, गावात उद्यमनगर आहे, देशातल्या मोठ्या फाउंड्री पट्ट्यांपैकी एका पट्ट्यात तुम्ही राहता. समजा दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तुम्ही ओळखीच्या फाउंड्रीत महिनाभर गेलात आणि रोज तीन वेळा मोल्डिंग सँडमधलं मॉइश्चर मोजून लिहून ठेवलं, आणि शेजारच्या कॉलममध्ये त्या शिफ्टला ब्लो होलमुळं (गॅस अडकून कास्टिंगमध्ये पडणारी पोकळी) किती कास्टिंग रिजेक्ट झाले ते लिहिलं. महिन्याच्या शेवटी तुमच्याकडं एक ग्राफ तयार होतो. जर्मनीतल्या एखाद्या कास्टिंग लॅबच्या प्रोफेसरला हा ग्राफ एखाद्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा दहापट जास्त सांगून जातो, कारण तो खऱ्या शॉप फ्लोअरवरचा आहे. फक्त पाठवायच्या आधी मालकाला विचारा, कुणाचं ड्रॉइंग, कस्टमरचं नाव, पार्ट नंबर बाहेर जाता कामा नये, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

मग मेल एवढाच लिहायचा. पहिल्या वाक्यात मी कोण, कुठल्या वर्षाला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळा आहे. दुसऱ्यात त्यांचं अमुक काम वाचलं आणि त्यातली अमुक गोष्ट माझ्या कामाशी जुळते, इथं त्यांच्या पेपरमधली खरी गोष्ट पाहिजे, नुसतं टायटल कॉपी केलेलं लगेच कळतं. तिसऱ्यात तुमचा ग्राफ किंवा सर्किट किंवा कोड, जे असेल ते, आकड्यासह. चौथ्यात मला काय पाहिजे ते स्पष्ट, म्हणजे तीन महिन्यांची इंटर्नशिप, स्टायपेंड असेल तर उत्तम, माझ्या कॉलेजला ही क्रेडिटसाठी चालते की नाही. झालं. सब्जेक्ट लाइनमध्ये विषय आणि महिने लिहा. पाठवायची वेळ पण बघा, जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि थंडीत साडेचार तास मागे असते, म्हणजे आपल्याकडं दुपारी एकच्या सुमारास पाठवलेला मेल तिथं सकाळी ऑफिस उघडताना वर दिसतो. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा आणि मग पुढच्याकडं वळा, आणि एकाच डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांना एकच मेल कधीच पाठवू नका, ते लोक एकत्र जेवतात.

सीव्ही एका पानाचा. वडिलांचं नाव, जात, मॅरिटल स्टेटस, खाली ते 'आय हिअरबाय डिक्लेअर' हे सगळं काढून टाका. अमेरिका, कॅनडा, यूकेसाठी फोटो नको, जर्मनीत अजून बरेच जण लावतात पण सक्ती नाही. सीजीपीए लिहिताना 8.1/10 असं लिहा, कारण अमेरिकेत चारपैकी असतो आणि जर्मनीत तर 1 हा सगळ्यात चांगला ग्रेड असतो, नुसतं 8.1 बघून त्यांना काहीच बोध होत नाही.

एक आपल्याकडची खास भानगड म्हणजे नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचं नाव पण, आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम. सीव्ही, मेल, ऑफर लेटर, सगळीकडं पासपोर्टवर आहे तसंच नाव वापरा, ऑफर लेटर आल्या आल्या स्पेलिंग अक्षर अन् अक्षर तपासा. पासपोर्टच नसेल तर आजच फॉर्म भरा, कोल्हापुरात पोस्ट ऑफिसचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये आहे, पोलीस व्हेरिफिकेशनला लागणारा वेळ धरून चाला.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो. टुरिस्ट व्हिसावर इंटर्नशिप करायची नाही, कोणी कितीही सांगू दे. जर्मनीत 90 दिवसांच्या वर राहायचं असेल तर नॅशनल व्हिसा लागतो, आणि अभ्यासाशी संबंधित इंटर्नशिपसाठी चार सेमिस्टर पूर्ण झालेली असावी लागतात आणि तिथल्या एम्प्लॉयमेंट एजन्सीची संमती लागते, त्यासाठी कंपनीलाही कागद भरावे लागतात, म्हणून ऑफर आली की लगेच त्यांच्या एचआरला याबद्दल विचारा. आणखी एक, जर्मनीत किमान वेतनाचा कायदा आहे पण कोर्सचा भाग म्हणून सक्तीची असलेली इंटर्नशिप आणि तीन महिन्यांपर्यंतची ऐच्छिक इंटर्नशिप त्यातून वगळलेली आहे, त्यामुळं स्टायपेंड कमी दिसला तर लगेच फसवणूक समजू नका. अमेरिकेत इंटर्नसाठी जे-1 व्हिसा, त्याला डीएस-2019 नावाचा फॉर्म लागतो आणि तो सहसा कंपनी देत नाही, सरकारमान्य स्पॉन्सर संस्था देते, तिची फी वेगळी असते, ती कोण भरणार हे आधीच ठरवून घ्या. पण ऑफर लेटरसाठीच कोणी पैसे मागितले तर तिथंच थांबा.

आता टीप.

अमेरिकेपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो. तिथं फेडरल कायद्यानं टीप मिळणाऱ्या वेटरला मालकानं तासाला कमीत कमी 2.13 डॉलर दिले तरी चालतात, हा आकडा 1991 पासून बदललेला नाही, बाकीचा पगार टीपमधून निघतो असं गृहीत धरलंय. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, पण टीपची पद्धत तिथंही तीच. म्हणजे टेबलवर बसून कोणी वाढलं असेल तर 15 ते 20 टक्के ही त्या माणसाची रोजी आहे. जेवण आवडलं नाही म्हणून टीप द्यायची नाही हे तिथं चालत नाही, आणि माझ्या मते चालूही नये. हिशोब असा करा: मेनूवर 16 डॉलर, त्यावर समजा 8 टक्के सेल्स टॅक्स म्हणजे 1.28, आणि मूळ किमतीवर 18 टक्के टीप म्हणजे 2.88, एकूण 20.16. म्हणजे मेनूवरच्या किमतीत सरळ चौथा हिस्सा वाढवून धरायचा. आठवड्यातून दोनदा बाहेर जेवलात तर तीन महिन्यांत नुसत्या टीपचे 70 डॉलर होतात, ते बजेटमध्ये लिहूनच ठेवा. उलट काउंटरवर उभं राहून कॉफी घेतली, पार्सल घेतलं, आणि समोर टॅबलेट फिरवून 18, 20, 22 अशी बटणं दाखवली, तर तिथं 'नो टिप' दाबलं तरी काही चुकत नाही, बटण दिसलं म्हणून घाबरून दाबू नका. टॅक्सीला 15 टक्के, हॉटेलात राहिलात तर रूम साफ करणाऱ्यांसाठी रोजचे दोन-तीन डॉलर. मोठा ग्रुप असेल तर बिलात 'ग्रॅच्युइटी' म्हणजे टीपच आधी लावलेली असते, बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा दिली जाते. कॅनडाचं जवळपास असंच.

जर्मनीत वेगळं. तिथं वेटरला नियमित पगार असतो, टीप 5 ते 10 टक्के, बऱ्याचदा नुसतं राउंड अप. पण द्यायची पद्धत महत्त्वाची. आपल्याकडं कसं, बडीशेपेच्या बशीत दहा-वीसची नोट ठेवून आपण उठतो. तिथं वेटर मोठं पाकीट घेऊन टेबलाजवळ येतो, आधी विचारतो एकत्र की वेगवेगळं, मग आकडा सांगतो, समजा 17.60 युरो. तुम्ही वीसची नोट देताना तोंडानं "नाइनटीन" म्हणायचं, म्हणजे तो 1 युरो परत देतो आणि 1.40 त्याची टीप झाली. सगळेच ठेवा म्हणायचं असेल तर "श्टिम्ट झो". नोट देऊन नुसतं "थँक यू" म्हणू नका, सगळं ठेवा असाच अर्थ घेतला जातो. कार्डनं देताना पण मशीनमध्ये आकडा टाकायच्या आधीच सांगायचं. बऱ्याच ठिकाणी टीप रोखच देतात, म्हणून एक-दोन युरोची नाणी खिशात ठेवा. युनिव्हर्सिटीच्या किंवा कंपनीच्या कँटीनमध्ये टीप नसते.

फ्रान्समध्ये 1987 पासून मेनूवरच्या किमतीतच सर्व्हिस धरलेली असते, वर सुट्टे ठेवले तर ठेवले. यूकेत बिलात बऱ्याचदा 12.5 टक्के सर्व्हिस चार्ज असतो, मग वेगळी टीप नको, आणि ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये कायद्यानं ती सगळी रक्कम कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते. पबमध्ये काउंटरवर घेतलं तर काही द्यायची गरज नाही. सिंगापूरला रेस्टॉरंटमध्ये 10 टक्के सर्व्हिस आणि वर 9 टक्के जीएसटी लागतो, मेनूवर ++ असं लिहिलेलं असतं ते हेच, हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, काहीच नाही.

जपानला टीप देऊच नका. टेबलवर सुट्टे ठेवून निघालात तर "विसरलं तुमचं" म्हणून पळत आणून देतात. पैसे हातात न देता काउंटरवरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. कृतज्ञता दाखवायची तर निघताना "गोचिसोसामा देशिता" म्हणा, तेवढं पुरतं. इझाकायात, म्हणजे तिथल्या दारू-खाण्याच्या छोट्या हॉटेलात, न मागता एक छोटी डिश येते आणि बिलात तिचे पैसे लागतात, ती तिथली पद्धतच आहे, भांडू नका.

इंटर्नशिप संपताना सुपरवायझरला पैसे किंवा महाग वस्तू द्यायची नाही. जर्मनीत निघणारा माणूसच शेवटच्या दिवशी टीमसाठी केक किंवा काही खायला नेतो, तसं तुम्ही पण न्या. घरून न्यायचं ठरवत असाल तर पेढे, बर्फी बॅगेत टाकू नका, दुधाचे आणि मटणाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणायला प्रवाशांना बंदी आहे. गुळाची शेंगदाणा चिक्की सीलबंद पाकिटातली चालते, फक्त देताना त्यात शेंगदाणे आहेत हे आधी सांगा, बऱ्याच जणांना ॲलर्जी असते. आणि त्याच आठवड्यात लेटरहेडवर तारखा आणि कामाचा तपशील असलेलं सहीचं सर्टिफिकेट मागून घ्या, परत आल्यावर मेलवर मागितलं की त्याला महिने जातात.